डॉ. पां. वा. सुखात्मे : भुकेचे गणित मांडणारा संख्याशास्त्रज्ञ

मानसशास्त्र घेऊन एम. ए. करायचे तर संख्याशास्त्राशी गाठ पडतेच, आणि आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांची पावले तेथेच अडखळतात. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला. प्रमाण विचलन, ‘टी’ कसोटी ही नावे ऐकूनच धडकी भरते. आकड्यांचा माणसाशी संबंध काय, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला कै. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या चरित्रात सापडले.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. १९३२ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. घटक-विश्लेषणाचे जनक मानले जाणारे मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन याच कॉलेजात प्राध्यापक होते. १९३६ साली सुखात्मे पीएच. डी. झाले. दोन गटांतील विचलन सारखे नसताना त्यांच्या सरासरींमधला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविणे फार अवघड. त्यासाठी १९३८ साली त्यांनी कोष्टके प्रसिद्ध केली. मानसशास्त्राच्या प्रयोगांतही हाच पेच पडतो.

१९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पिकाचा अंदाज तेव्हा नजरेने बांधीत. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे शेते निवडून, ठराविक तुकड्यातील पीक कापून तोलण्याची पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजविली. तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगून दिसतो, हेही त्यांनी दाखविले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण पीक कापणी प्रयोग हा शब्द हिंगोली भागातल्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. पीक विम्याचा हिशेब त्याच्याशी बांधलेला असतो.

१९५१ ते १९७१ या काळात रोम येथील अन्न व शेती संघटनेत त्यांनी जगाच्या भुकेची मोजदाद केली. त्यांना पद्मभूषण मिळाले. नंतर पुण्यात राहून त्यांनी मांडले, की एकाच माणसाची अन्नाची गरजही बदलत राहते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये. प्रा. वि. म. दांडेकरांसारख्या अभ्यासकांनी याला कडाडून विरोध केला. कारण रेषा खाली आली की कागदावरचे भुकेले कमी होतात, पोटातली भूक मात्र तेवढीच राहते. या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. २८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे निवर्तले.

संख्याशास्त्राच्या एका सूत्रावर कोणाला भुकेला म्हणायचे हे ठरत असेल, तर ते सूत्र समजून घेणे आपल्यासारख्या खेड्यांतून आलेल्या मुलांनाच अधिक गरजेचे आहे, असे मला वाटते.