उपचारांचे बिल कोणी भरायचे?

अनायरिन बेव्हन यांनी वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि ते कोळशाच्या खाणीत कामाला लागले. वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावात १८९७ साली त्यांचा जन्म झाला. वडीलही खाणकामगारच होते. खाणीतल्या अंधुक उजेडात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना त्या काळी निस्टॅग्मस हा डोळ्यांचा विकार होत असे. त्यात डोळे आपोआप थरथरत राहतात. तरुण बेव्हन यांनाही तो जडला. १९२५ मध्ये त्यांचे वडील फुप्फुसात कोळशाची धूळ साचून वारले. हा आजार कामामुळे होतो हे तेव्हाच्या कायद्याला मान्य नव्हते, त्यामुळे कुटुंबाला भरपाई मिळाली नाही.

याच ट्रेडेगरमध्ये एक वेगळी व्यवस्था होती. कामगार आपल्या मजुरीतून पौंडामागे तीन पेन्स एका सामाईक निधीत भरत. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे वर्गणी अगदी किरकोळ. त्या बदल्यात गावातील बहुतेक सर्व कुटुंबांना डॉक्टर, औषधे आणि रुग्णालय मिळे. डॉ. ए. जे. क्रोनिन यांनी काही काळ याच गावात काम केले. पुढे त्यांनी ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून आपल्याकडे ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट निघाला.

बेव्हन १९२९ मध्ये मजूर पक्षातर्फे खासदार झाले आणि १९४५ मध्ये ॲटली सरकारात आरोग्यमंत्री. तेव्हा १९११ च्या विमा कायद्याचे संरक्षण कामगाराला होते, त्याच्या बायको-मुलांना नव्हते. घरातली बाई दुखणे अंगावर काढी. अनेक रुग्णालये देणग्यांवर कशीबशी चालत. बेव्हन यांनी १९४६ चा कायदा करून अडीच हजारांहून अधिक रुग्णालये सरकारच्या ताब्यात घेतली आणि खर्चाचा मुख्य भार करांवर टाकला. आजारी पडल्यावर पैसे मोजण्याऐवजी धडधाकट असताना सर्वांनी मिळून भरायचे, ही ट्रेडेगरचीच रीत त्यांनी देशाला लावली.

डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात सुमारे नव्वद टक्के डॉक्टर विरोधात गेले. बेव्हन यांनी तडजोड केली. तज्ज्ञांना सरकारी पगाराबरोबर खासगी प्रॅक्टिसची मुभा दिली आणि फॅमिली डॉक्टरांना पगारी नोकर केले नाही. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

पहिल्याच वर्षी खर्चाचे अंदाज कोलमडले. पन्नास लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले आणि दातांच्या डॉक्टरांकडे रीघ लागली. फुकट मिळते म्हणून लोक उधळपट्टी करतात, असा आरोप झाला. पण यातला मोठा भाग जुन्या थकबाकीचा होता. धूसर दिसणारे डोळे आणि किडके दात १९४८ पूर्वीही होतेच, फक्त त्यांची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात नव्हती.

दबाव मात्र वाढत गेला. औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार देणारा कायदा १९४९ मध्ये खुद्द बेव्हन मंत्री असतानाच झाला. १९५१ मध्ये कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला आणि अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी चष्मे व कवळ्यांची सुमारे निम्मी किंमत रुग्णांकडून घ्यायचे ठरवले. पहिल्या वर्षी वाचणार होते जेमतेम १ कोटी ३० लाख पौंड. तेव्हा बेव्हन कामगारमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. एवढ्याशा रकमेसाठी तत्त्व मोडले, तर पुढे प्रत्येक अडचणीत रुग्णाच्याच खिशाकडे हात जाईल, ही त्यांची भीती होती. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने औषधांवर एक शिलिंग शुल्क लावले.

मग सेवा खरोखरच महाग होती का? हे तपासण्यासाठी नेमलेल्या गिलबो समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. एकूण खर्चाचा आकडा वाढला होता, पण राष्ट्रीय उत्पन्नातील त्याचा वाटा १९४९-५० मधील पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर उतरला होता. वाढीव आकड्यामागे मुख्यतः महागाई होती. समितीला उधळपट्टी आढळली नाही, उलट रुग्णालयांच्या इमारतींवर फारच कमी खर्च होत असल्याचे दिसले. सरकारने हात आखडला की बिल दिसत नाही, पण रुग्णांची रांग लांबते आणि छपरे गळू लागतात. ही दुसरी बाजूही तितकीच खरी.

६ जुलै १९६० रोजी जठराच्या कर्करोगाने बेव्हन यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी त्यांच्या आरोग्य सेवेला बारा वर्षे पूर्ण झाली होती. इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीवरचे शुल्क पुढेही राहिले, पण त्यांच्या वेल्सने २००७ मध्ये ते रद्द केले.

सरकारने हात काढून घेतला म्हणून आजारपणाचा खर्च नाहीसा होत नाही. तो अर्थसंकल्पातून निघून घरात येतो. तिथे तो कर्जाच्या, विकलेल्या दागिन्यांच्या किंवा अंगावर काढलेल्या दुखण्याच्या रूपाने फेडला जातो. बेव्हन यांनी तो खर्च सर्वांना दिसेल अशा वहीत मांडला, म्हणूनच त्यावर वाद घालणे शक्य झाले.