मानी धावपटू : जॅकी रॉबिन्सन

बेसबॉलमध्ये चोरी हा गुन्हा नाही. गोलंदाज चेंडू टाकत असताना धावणारा खेळाडू पुढचा तळ गाठतो, त्याला तळ चोरणे म्हणतात. १९४७ साली अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये अशा २९ चोऱ्या करून जॅकी रॉबिन्सन पहिला आला.

त्याचा जन्म १९१९ साली जॉर्जियात, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेले. आई मॅलीने पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्निया गाठले आणि लोकांची घरकामे करून त्यांना वाढविले. १९४४ मध्ये सैन्यात असताना जॅकीने बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिला. त्यापायी लष्करी खटला झाला. तो निर्दोष सुटला.

मोठ्या लीगची दारे तेव्हा काळ्या खेळाडूंना बंद होती. ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी त्याला संघात घेतले. अट ही, की अपमानाला उलट उत्तर द्यायचे नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी तो मैदानात उतरला. शिव्या आल्या, धमक्या आल्या. जॅकीने तोंड मिटून घेतले, पाय मात्र थांबविले नाहीत. १९४९ मध्ये ३७ चोऱ्या करून तो पुन्हा अग्रेसर ठरला.

१९७२ साली त्याचे निधन झाले. १९९७ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक सर्व संघांनी त्याच्या स्मरणार्थ राखून ठेवला.

खरी चोरी त्याच्याआधीच झाली होती. कित्येक गुणी खेळाडूंची उमेदीची वर्षे त्या बंद दारापाशीच गेली. ती कोणी परत केली नाहीत.