राजर्षी शाहू महाराज : शिक्षण आणि राखीव जागा

१८९४ साली शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला, तेव्हा वरिष्ठ पदांवर प्रामुख्याने ब्राह्मण अधिकारी होते. महाराजांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. तरीही मागासवर्गीय उच्च शिक्षणाकडे पुरेसे वळेनात. शिक्षणाचे फळ मोजक्यांनाच मिळते, हे त्यामागील कारण त्यांनी ओळखले. म्हणून २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. नेमणुका केवळ योग्यतेवर व्हाव्यात, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. आपण हे ध्यानात घ्यावे की, महाराजांच्या दृष्टीने राखीव जागा शिक्षणाला पर्याय नव्हत्या, तर शिक्षणाची प्रेरणा होत्या. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून त्या प्रेरणेला पाया दिला.