सेराफिनची फुलं

निवृत्तीनंतर मी फुलं रंगवायला लागले, हे आपल्या तुकडीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ग्रुपवर चित्र टाकलं की हमखास विचारणा होते, हे कुठलं फूल? याचं नाव काय? म्हणून स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा मी सेराफिन लुई हे नाव लगेच कळवून टाकलं. तिच्या फुलांनाही नावं नाहीत.

सेराफिनचा जन्म ३ सप्टेंबर १८६४ रोजी फ्रान्समधल्या आर्सी नावाच्या खेड्यात, गरीब घरात झाला. वर्षाची असताना आई गेली आणि काही वर्षांतच वडीलही. थोरल्या बहिणीने तिला सांभाळलं. लहानपणी तिने मेंढ्या राखल्या. १८८१ मध्ये ती क्लेरमाँ इथल्या नन्सच्या मठात कामाला लागली आणि वीसेक वर्षं तिथेच राबली. नंतर पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या सांलिस या गावात ती लोकांच्या घरी झाडलोट, कपडे, भांडी करू लागली.

चाळिशीच्या आसपास तिने ब्रश हातात घेतला. शिकवायला कुणी नव्हतं. आपल्याला वरून आज्ञा झाली, असं ती सांगायची. दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसायच्या आणि रात्री खोलीचं दार लावून मेणबत्तीच्या उजेडात रंगवायचं, असा तिचा क्रम होता. रंग म्हणजे रिपोलिन, घरातल्या दारं-खिडक्यांना लावतात तसला तयार रंग. त्यात ती आणखी काय मिसळायची, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटला जास्वंदीची फांदी समोर ठेवून काढायचो. नीट बघायचं कसं, हे सरांनी तेव्हा शिकवलं आणि ते मला आजही पुरतं आहे. सेराफिनचा रस्ता मात्र वेगळा होता. तिच्या चित्रातली पानं पिसांसारखी दिसतात, काही पाकळ्यांवर डोळे असल्याचा भास होतो, फळं शिंपल्यांसारखी वाटतात. अशी झाडं कुठल्याच बागेत नाहीत. तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की वाटतं, ही आतून वाढत आली आहेत आणि अजून वाढताहेत.

१९१२ मध्ये विल्हेल्म ऊड नावाचा जर्मन संग्राहक सांलिसला राहायला आला. पिकासो आणि आँरी रूसो यांची चित्रं लवकर ओळखणारा हा माणूस. एका शेजाऱ्याकडे त्याला सफरचंदांचं छोटं चित्र दिसलं. चित्रकार कोण म्हणून विचारलं, तर ती त्याच्याच घरी साफसफाईला येणारी बाई निघाली! तेव्हा ती ४८ वर्षांची होती. त्याने चित्रं घेतली, उत्तेजन दिलं. पण १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन असल्याने त्याला फ्रान्स सोडावं लागलं.

पुन्हा भेट झाली ती १९२७ मध्ये, सांलिसमधल्या स्थानिक चित्रकारांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. मधली तेरा वर्षं तिच्यामागे ना संग्राहक होता, ना खात्रीचं गिऱ्हाईक. तरी ती रंगवत राहिली होती. आता ऊडने तिला मोठे कॅनव्हास आणून दिले आणि तिने दोन मीटर उंचीची फुलझाडं उभी केली. १९२९ मध्ये त्याने पॅरिसला भरवलेल्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पैसा आला आणि तिने तो सढळ हाताने उधळला. मग जागतिक मंदी आली, १९३० च्या सुमारास ऊडची खरेदी थांबली. तिचं मन ढासळत गेलं. १९३२ मध्ये तिला क्लेरमाँच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. तिथे तिने चित्रं काढली नाहीत. ११ डिसेंबर १९४२ रोजी, दुसऱ्या महायुद्धाच्या उपासमारीच्या काळात ती तिथेच वारली. तिला सामाईक दफनभूमीत पुरलं गेलं.

प्रसिद्धीने तिला वेड लावलं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आजार हा आजारच असतो. मी पुन्हा पुन्हा जाते ती त्या मधल्या तेरा वर्षांकडे. गेल्या वर्षी एका प्रदर्शनासाठी दिलेली माझी पाचही चित्रं निवड न होता परत आली. रंगांचा डबा माळ्यावर टाकावा, इतकं वाईट वाटलं. तेव्हा हिशोब केला, की कुणी विचारत नसताना ही बाई तेरा वर्षं रोज रात्री बसत होती. विकत घेणारा नसतानाही तिचा हात चालला. थांबला तो स्वतःची खोली, स्वतःचं दार आणि स्वतःची रात्र हातातून गेल्यावर. म्हणून आता रोज संध्याकाळचा एक तास मी कुणालाही देत नाही, नातवंडांनासुद्धा!

सेराफिनची चित्रं आज सांलिसच्या संग्रहालयात मानाने लावलेली आहेत. २००८ मध्ये तिच्या आयुष्यावर फ्रेंच चित्रपटही आला. मिळाला तर जरूर पाहा.

आणि एक विनंती. आपल्यातल्या कितीतरी जणांनी नोकरी-संसारात चित्राची, गाण्याची, कवितेची वही मिटून ठेवली आहे, हे मला माहीत आहे. पुढच्या मेळाव्याला येताना ती घेऊन या. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. आपण सगळे एकमेकांचं बघू.