देवी काढणारा खेड्यातला डॉक्टर

आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचा वाटोळा वण असतो. नातवंडांच्या दंडावर तो नसतो. एका पिढीने टोचून घेतले म्हणून दुसरीला त्याची गरज उरली नाही. या भाग्याचे मूळ एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराच्या चरित्रात आहे.

एडवर्डचा जन्म १७ मे १७४९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या गावी झाला. तो पाच वर्षांचा असतानाच आईबापांचे छत्र हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्याचा सांभाळ केला. त्या काळी देवी आलेल्या शंभरांपैकी वीस-तीस माणसे दगावत. वाचलेल्यांत कोणाचा चेहरा विद्रूप होई, कोणाची दृष्टी जाई. उपाय एकच ठाऊक होता. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचावयाचा, म्हणजे बहुधा सौम्य देवी येऊन पुढचे भय टळे. परंतु या टोचणीनेही काही जण मरत आणि टोचलेल्या माणसापासून इतरांना खऱ्या देवी लागत.

आठव्या वर्षी, शाळेत असताना, एडवर्डलाही तसे टोचण्यात आले. आधी उपाशी ठेवून व रक्त काढून त्याला अगदी क्षीण केले आणि नंतर इतर मुलांबरोबर तबेल्यात ठेवले. मुलगा वाचला, पण ते हाल त्याच्या मनातून कधी गेले नाहीत.

पुढे लंडनमध्ये जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्यापाशी त्याचे शिक्षण झाले. राजधानीचा मोह सोडून तो बर्कलीस परतला आणि खेड्यापाड्यांतून रोग्यांना तपासू लागला. निरीक्षणाची त्याला विलक्षण आवड होती. परक्या घरट्यात जन्मलेले कुकू पक्ष्याचे पिलू इतर अंडी व पिले बाहेर ढकलून देते, हे त्याने बारकाईने पाहून मांडले आणि १७८९ साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

गाईच्या कासेवर येणाऱ्या देवी दूध काढणाऱ्यांच्या हातांना लागत. मग त्यांना माणसाच्या देवी येत नाहीत, असे शेतकरी म्हणत. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर १७७४ साली आपल्या बायकामुलांना गाईच्या देवी टोचल्याही होत्या. जेन्नरने ही समजूत हसण्यावारी नेली नाही. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. १ जुलैला त्याच मुलाला खऱ्या देवी टोचल्या. त्या उठल्या नाहीत. मुलावर असा प्रयोग करण्याची मुभा आज कोणालाही मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

एकाच मुलावरचा पुरावा रॉयल सोसायटीला पुरेसा वाटला नाही. जेन्नर खचला नाही. आणखी उदाहरणे गोळा करून त्याने १७९८ साली स्वतःच पुस्तक छापले. लंडनमध्ये सुमारे तीन महिने राहूनही टोचून घ्यावयास एकही माणूस पुढे येईना. लोकांनी चेष्टा केली, व्यंगचित्रे काढली. त्याने मात्र आपल्या बागेतील झोपडीत गोरगरिबांना फुकट देवी काढून दिल्या. लस मुलांच्या दंडावरून दंडावर प्रवास करीत देशोदेशी गेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली; हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय.

२६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नरचे निधन झाले. पुढे १८५५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने शाळकरी मुलांना देवीची लस सक्तीची केली. शाळेत शेकडो मुले एकत्र बसतात. एकाचा रोग सर्वांना लागू शकतो, हे त्यामागील कारण होते. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने पृथ्वीवरून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

विद्यार्थिमित्रहो, गोवर, घटसर्प, धनुर्वात हे शत्रू अद्याप जिवंत आहेत. म्हणूनच आपल्या देशात दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते. जेन्नरला तबेल्यात दिवस काढावे लागले. आपल्याला क्षणभर बाही वर करावयाची आहे. त्या क्षणी आपण स्वतःबरोबरच शेजारच्या बाकावरील सोबत्याचेही रक्षण करीत असतो.