शाहू छत्रपती आणि करवीरचा कारभार

शाहू छत्रपतींची समाजसुधारक म्हणून असलेली ओळख आपणांस नवी नाही. येथे मात्र कारभार हाकणारा राजा या नात्याने त्यांच्याकडे पाहावयाचे आहे.

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. १८८४ मध्ये ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथील शिक्षण आटोपून २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी दरबारच्या ७१ प्रमुख अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते आणि सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर जेमतेम दहा. याकडे केवळ अन्याय म्हणून पाहू नका. हा कारभाराचाही दोष होता. रयत बहुतांशी शेतकरी आणि तिची दफ्तरे लिहिणारा वर्ग निराळा. गावच्या कुलकर्ण्याविरुद्धचे गाऱ्हाणे ज्याच्यापुढे जावयाचे, तोही पुष्कळदा त्याच वर्गातला. अशा दरबारापर्यंत खरी हकीकत पोहोचणार कशी?

भास्करराव जाधवांसारख्या उच्चशिक्षित तरुणांना महाराजांनी आरंभीच सेवेत घेतले. पण तशी माणसे थोडी होती. सर्व जातींसाठी उघडलेल्या वसतिगृहाचा लाभही प्रत्यक्षात एकाच वर्गाला मिळू लागला. तेव्हा १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी निरनिराळी वसतिगृहे निघत गेली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद बळावेल, हा आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. तथापि खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला आधी राहावयास खोली आणि दोन वेळचे जेवण हवे होते.

२६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध आदेश या पार्श्वभूमीवर वाचावा. त्या वेळी महाराज विलायतेत होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांतून भराव्यात, असे त्यात फर्मावले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व मागास, अशी त्याची व्याप्ती होती. नोकरीत असलेल्या कोणालाही त्यासाठी काढून टाकावयाचे नव्हते. आदेशातील एक कलम सहसा दुर्लक्षिले जाते. केलेल्या नेमणुकांचे विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस पाठवावयाचे होते. आपण एखाद्या कार्यालयात काम करीत असाल, तर या कलमाचे मोल आपणांस सांगावयास नको. हिशोब मागितला नाही, तर चांगला हुकूमही फायलीतच राहतो. दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले होते.

गावपातळीवरील बदलास याहून अधिक काळ लागला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त होऊन त्या जागी पगारी तलाठी आले. वंशपरंपरेने चालत आलेले दफ्तर आता शिकून मिळवावयाचे झाले. अस्पृश्य समाजातील तरुणांनाही महाराजांनी तलाठी नेमले. वतनदारांचा रोष मोठा होता, पण निर्णय मागे घेतला गेला नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. ज्याच्या जमिनीच्या दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच लिहिले, त्या घरातला मुलगा तोवर करवीरच्या चावडीत लेखणी घेऊन बसू लागला होता.