मॅरियन डोनोव्हन

मुलांनो, लोणावळ्याचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहेच. पावसाळ्यात तुंगार्लीच्या परिसरात कधी कधी चार-चार दिवस ऊन दिसत नाही. डोंगर धुक्यात बुडून जातात. धुतलेले कपडे वाळत नाहीत. ज्या घरात तान्हे बाळ असते, त्या घरातील आईची तर फारच तारांबळ उडते. बाळाचा एक लंगोट वाळत नाही, तोच दुसरा ओला होतो. मग कोणी शेगडीवर टोपली उपडी घालते आणि तिच्यावर लंगोट पसरते, तर कोणी त्यावर इस्त्री फिरवते. ओला लंगोट अंगाशी तसाच राहिला, तर बाळाची नाजूक कातडी लाल होते, पुरळ उठते आणि बाळ रात्रभर रडते.

हा त्रास केवळ आपल्याकडच्या आयांचा नाही. जगातील सर्व आयांचा तो त्रास होता. तो कमी करण्यासाठी अमेरिकेतील एका आईने आपली बुद्धी आणि शिवणयंत्र कामाला लावले. तिचे नाव मॅरियन डोनोव्हन.

मॅरियनचा जन्म १९१७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. तिचे वडील आणि काका हे जुळे भाऊ होते. दोघांचा मिळून लेथ यंत्रे तयार करण्याचा कारखाना होता. मॅरियन सात वर्षांची असताना तिची आई वारली. त्यानंतर ती आपला बराचसा वेळ वडिलांच्या कारखान्यात घालवू लागली. यंत्रे कशी बनतात, एखादी अडचण आली की कारागीर ती कशी सोडवतात, हे ती लक्षपूर्वक पाहत असे. वस्तू नीट चालत नसेल, तर कुरकुर न करता ती सुधारावी, हा धडा तिला तेथेच मिळाला.

१९३९ साली मॅरियन पदवीधर झाल्या. त्यांचा विषय इंग्रजी साहित्य होता. काही काळ त्यांनी न्यूयॉर्कमधील एका मासिकात काम केले. पुढे त्यांचा विवाह झाला आणि त्या कनेक्टिकट राज्यात राहू लागल्या. लवकरच त्या दोन मुलांच्या आई झाल्या.

त्या काळी तिकडेही बाळाला कापडी लंगोट बांधत व तो सेफ्टी पिनने अडकवत. लंगोट भिजला की बाळाचे कपडे, पांघरूण, गादी सारेच भिजे. यावर रबराच्या चड्ड्या मिळत असत. त्यांतून ओल बाहेर येत नसे, पण हवाही आत जात नसे. त्यामुळे बाळाच्या अंगावर पुरळ उठे. म्हणजे गादी वाचवावी तर बाळाला त्रास, आणि बाळाला जपावे तर धुण्याचा ढीग, असा पेच होता.

१९४६ साली मॅरियनबाईंनी न्हाणीघरातील प्लास्टिकचा पडदा काढला, तो कापला आणि शिवणयंत्रावर त्याचे लंगोटावरून घालायचे आवरण शिवले. पहिला प्रयत्न मनासारखा झाला नाही. त्यांनी पुन्हा शिवले, पुन्हा पाहिले. शेवटी त्यांनी पॅराशूटसाठी वापरतात तसले नायलॉनचे कापड निवडले. या आवरणातून ओल बाहेर झिरपत नसे आणि बाळाच्या अंगाला वाराही लागे. बाळाला टोचण्याची भीती नको, म्हणून त्यांनी सेफ्टी पिनऐवजी प्लास्टिकची टिचबटणे लावली. हे आवरण होडीसारखे दिसे. म्हणून त्यांनी त्याला होडीवरून 'बोटर' असे नाव दिले.

मॅरियनबाई ही वस्तू घेऊन अनेक कारखानदारांकडे गेल्या. परंतु अशा वस्तूची कोणाला गरज नाही, असे सांगून सर्वांनी त्यांना परत पाठवले. लंगोट धुणाऱ्या आयांना मात्र त्यांनी विचारले नव्हते! मॅरियनबाई खचल्या नाहीत. त्यांनी स्वतःच माल तयार करण्याचे ठरवले. १९४९ साली न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानात बोटर विक्रीला आले आणि त्याला भरपूर मागणी आली. १९५१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी एका कंपनीने दहा लाख डॉलर देऊन त्याचे हक्क विकत घेतले.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. लंगोट धुवावाच लागू नये, असे त्यांना वाटे. त्यासाठी ओल शोषून ती बाळाच्या कातडीपासून दूर नेईल, असा कागद त्यांनी शोधून काढला. पण कागदाच्या कारखानदारांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढे १९६१ साली दुसऱ्याच एका कंपनीने व्हिक्टर मिल्स या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेले 'पॅम्पर्स' हे टाकाऊ लंगोट बाजारात आणले. ते जगभर पसरले. आज अशा लंगोटाला आपण डायपर म्हणतो. त्यात आता एक विशेष भुकटी असते. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून घेते व जेलीसारखी होते. त्यामुळे कातडी कोरडी राहते. तरीही डायपर वेळेवर बदलावेच लागते.

दुसऱ्या शोधाला यश आले नाही, म्हणून मॅरियनबाई रडत बसल्या नाहीत. चाळिशी ओलांडत असताना, १९५८ साली त्यांनी येल विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेतली. पुढे स्वतःच्या घराचा आराखडा त्यांनी स्वतःच काढला. पाठीवरची चेन एकट्याने लावता यावी म्हणून दोरी, एकावर एक बरेच कपडे टांगता येतील असा हँगर अशा अनेक वस्तू त्यांनी तयार केल्या. त्यांना एकूण वीस पेटंटे मिळाली. १९९८ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. २०१५ साली अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय संशोधकांच्या मानाच्या यादीत त्यांचे नाव घातले.

टाकाऊ डायपरने आयांचे कष्ट कमी केले, पण एक नवा प्रश्न निर्माण झाला. त्यातील प्लास्टिक वर्षानुवर्षे कुजत नाही. ओढ्यात किंवा डोंगरउतारावर टाकलेले डायपर पाणी घाण करते. म्हणून वापरलेले डायपर कागदात गुंडाळून कचरागाडीत वेगळे द्यावे. आजही अनेक घरांत दिवसा कापडी लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात डायपर वापरतात. बाळाची कातडी कोरडी राहील आणि मातीतही विष कालवले जाणार नाही, असे डायपर अजून सर्वांच्या हाती आलेले नाही. मुलांनो, हे काम तुमच्यापैकी कोणी तरी का करू नये? त्यासाठी आधी मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. मॅरियनबाईंनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ होते एक शिवणयंत्र, एक जुना पडदा आणि रडणाऱ्या बाळाबद्दलची कळकळ.